तात्याचं हसू आणि तात्याचा जबडा



गणपतीत किंवा हळदीकुंकवाला आमच्या शुगर लँडच्या घरी आलेल्या बहुतेकांनी तात्याला पाहिलं आहे. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. तात्या म्हणजे आमचा साडेसहा किलोचा कुत्रा. रंग चहात बुडवलेल्या मारी बिस्किटाचा, आणि खालचा जबडा डावीकडे सरकलेला. त्यामुळे उजवीकडचा खालचा सुळा ओठाबाहेर डोकावतो आणि स्वारी कायम एका गालात हसतेय असं वाटतं. कवळी काढून झोपाळ्यावर बसलेल्या आजोबांसारखा दिसतो म्हणून बायकोने नाव ठेवलं तात्या. माझे एक चुलतकाकाही तात्याच आहेत हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. "तात्या परत सोफ्यावर चढला" हे वाक्य सांगलीच्या फोनवर आता जपून बोलावं लागतं.

गेल्या काही कार्यक्रमांना दोन-तीन जणांनी मला बाजूला घेऊन विचारलं, की आमच्या पिल्लाचेही दात असेच वेडेवाकडे आहेत, काही करावं लागतं का? पार्किंग लॉटमध्ये उभं राहून प्रत्येकाला अर्धवट उत्तर देण्यापेक्षा सगळं एकदा लिहून काढतो. मी जनावरांचा डॉक्टर नाही, वालचंदचा कॉम्प्युटर इंजिनियर आहे. तेव्हा हे युजरच्या बाजूने लिहिलेलं डॉक्युमेंटेशन समजा.

तात्या आमच्याकडे आला फेब्रुवारी २०२३ मध्ये, शेल्टरमधून. वय अंदाजे साडेतीन महिने. कागदावर लिहिलं होतं शिह त्झू मिक्स. मिक्समध्ये बाकी काय काय आहे ते देव जाणे. पहिल्या तपासणीला डॉक्टरांनी तोंड बघितलं, हसले आणि म्हणाले, "दिसायला वाकडं आहे इतकंच, काळजी नको." आम्हीही हसलो. त्यावेळी त्याच्या तोंडात दुधाचे दात होते, खरे दात यायचे होते, हे ना त्यांनी सांगितलं ना मी विचारलं. त्यानंतर सात महिने आम्ही त्याचे फोटो काढत होतो. वाकड्या तोंडाच्या प्राण्यांचं लोकांना कौतुक असतंच. लॉस एंजेलिसचा ट्यूना नावाचा कुत्रा वरचे दात पुढे आलेले म्हणून इंटरनेटवर जगप्रसिद्ध झाला. आमचा तात्या निदान फोर्ट बेंड काउंटीच्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपांवर प्रसिद्ध होता.

बायको मधूनमधून म्हणायची, "हा एकाच बाजूने खातो." मी म्हणायचो, "त्याची स्टाइल आहे." तो अधूनमधून शिंकायचा, पंज्याने तोंड पुसल्यासारखं करायचा. ह्यूस्टनच्या हवेत आपण सगळेच शिंकतो, तेव्हा तेही ॲलर्जीच्या खात्यावर टाकलं. मग २०२३ च्या गणपतीत आरतीनंतर मुलं मागच्या अंगणात त्याच्याशी चेंडू खेळत होती. एक छोटी मुलगी चेंडू घेऊन आत आली आणि म्हणाली, "काका, हा लाल झालाय." चेंडूला रक्त लागलं होतं.

पाहुणे गेल्यावर मी टॉर्च घेतला. बायकोने डोकं धरलं, मी तोंड उघडलं. वरच्या डाव्या सुळ्याच्या आतल्या बाजूला टाळूत मुगाच्या दाण्याएवढा खड्डा होता आणि त्यात केस अडकलेले. तोंड मिटलं की डावीकडचा खालचा सुळा बरोबर त्या खड्ड्यात जाऊन बसत होता. म्हणजे जेव्हा जेव्हा तोंड मिटेल तेव्हा तेव्हा दाताचं टोक टाळूत. दर घासाला, दर भुंकण्याला. ज्या हसण्याचे आम्ही फोटो काढत होतो ते हे.

आता थोडं तंत्र.

कुत्र्याला दुधाचे दात २८ आणि मोठेपणी ४२ असतात, वर २० आणि खाली २२. तोंड मिटल्यावर वरचे पटाशीचे दात खालच्यांच्या किंचित पुढे यावे लागतात. खालचा सुळा वरचा शेवटचा पटाशीचा दात आणि वरचा सुळा यांच्यामधल्या फटीत, कुठेही न टेकता, बसावा लागतो. त्याच्या मागच्या उपदाढा शिंप्याच्या झिगझॅग कात्रीसारख्या एकाआड एक येतात. या सगळ्यात सुळ्याची जागा सर्वांत महत्त्वाची, कारण तो लांब, टोकदार आणि चुकला तर थेट मांसात घुसणारा.

बिघाड दोन तऱ्हेचे असतात. पहिल्यात जबडे ठीक असतात, एखादा दात फक्त तिरका उगवतो. दुसऱ्यात जबड्यांच्या लांबीतच फरक असतो. खालचा जबडा आखूड राहिला तर खालचे सुळे मागे पडून टाळूत घुसतात. हा प्रकार सगळ्यात त्रासदायक. खालचा जबडा लांब असेल तर पग, बॉक्सर, बुलडॉग, शिह त्झू यांचा तो ओळखीचा चेहरा तयार होतो. या जातींमध्ये तसा जबडा प्रमाण मानला जातो आणि पुष्कळ कुत्री तशीच सुखाने जगतात, फक्त वरचे दात खालच्या हिरडीवर आपटत नाहीत ना, हे बघावं लागतं. चौथा प्रकार तात्याचा, म्हणजे एकाच बाजूची वाढ कमी.

एकाच बाजूची कशी, हा प्रश्न मलाही पडला होता. कुत्र्याचा खालचा जबडा म्हणजे खरं तर दोन हाडं असतात, हनुवटीपाशी सांधलेली, आणि कुत्र्यात तो सांधा माणसासारखा पूर्ण एकजीव होत नाही. दोन्ही भाग आपापले वाढतात. एक मागे राहिला, जन्मतःच किंवा लहानपणी मार लागल्यामुळे, की हनुवटी त्या बाजूला वळते. वरचा आणि खालचा जबडा तर आणखीच स्वतंत्र. कॉर्नेलच्या चार्ल्स स्टॉकार्ड यांनी वेगवेगळ्या जातींच्या कुत्र्यांचे संकर करून बघितले होते. त्यांचा ग्रंथ १९४१ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाला. त्यातला एक निष्कर्ष असा की दोन्ही जबड्यांची लांबी वेगवेगळी वारशाने येते. म्हणजे आईचा वरचा आणि बापाचा खालचा असंही होऊ शकतं! आपल्याकडे दोन वेंडरांची मॉड्यूलं जोडल्यावर होतं तसंच. अलीकडे २०१२ आणि २०१७ मध्ये आखूड चेहऱ्याशी संबंध असलेली बीएमपी३ आणि एसएमओसी२ ही जनुकं सापडली. गावाकडच्या कुत्र्यांचे दात सहसा व्यवस्थित का दिसतात, याचंही उत्तर यातच आहे. त्यांच्या चेहऱ्याची निवड कुणी सोफ्यावर बसून केलेली नाही.

ज्यांच्याकडे अगदी लहान पिल्लू आहे त्यांनी इथे नीट वाचा, कारण आमची वेळ इथेच हुकली. दुधाचे सुळेसुद्धा सुईसारखे असतात आणि तेही टाळूत घुसू शकतात. शिवाय खालचा सुळा चुकीच्या जागी अडकला की कुलूप लागल्यासारखं होतं, खालच्या जबड्याला पुढे वाढायला वाव राहत नाही. अशा वेळी डॉक्टर ते दुधाचे दात लवकर काढतात, शक्यतो दोन ते तीन महिन्यांच्या वयात. त्याने जबडा सरळ होईलच याची खात्री नाही, पण दुखणं थांबतं आणि वाढायला संधी मिळते. पुढे साडेतीन ते सहा महिन्यांच्या दरम्यान दात बदलतात. पक्के सुळे साधारण पाचव्या-सहाव्या महिन्यात येतात. त्या काळात आठवड्यातून एकदा ओठ वर करून आत बघायचं. दुधाचा सुळा न पडता शेजारी पक्का सुळा उगवताना दिसला, तर थांबायचं नाही, दाखवायचं. सुळा जरासाच आत झुकला असेल तर योग्य मापाचा रबरी चेंडू रोज चावायला देऊनही कधीकधी तो बाहेर वळतो. पण कुठला चेंडू आणि किती वेळ, हे डॉक्टरांनी सांगायचं.

तात्या मात्र तोवर दहा महिन्यांचा घोडा झाला होता. नेहमीच्या डॉक्टरांनी आता टाळू बघून चेहरा गंभीर केला आणि दातांच्या तज्ज्ञांकडे पाठवलं. जनावरांच्या दातांचे वेगळे तज्ज्ञ असतात हे मला माहीत नव्हतं. अमेरिकन व्हेटर्नरी डेंटल कॉलेज ही त्यांना मान्यता देणारी संस्था, तिच्या साइटवर आपल्या भागातले तज्ज्ञ शोधता येतात. आपल्यापासून सुमारे दोन तासांवर कॉलेज स्टेशनला टेक्सास ए अँड एमचं पशुरुग्णालय आहे, तिथेही दातांचा विभाग आहे.

तज्ज्ञ बाईंनी पहिलंच वाक्य असं सांगितलं: दात सुंदर करणं हा आमचा उद्देश नाही, तोंड न दुखता मिटलं पाहिजे. (माझ्या मनातलं "सरळ हसू" तिथेच गळून पडलं.) तसंच सोडलं तर खड्डा खोल होत होत नाकापर्यंत भोक पडू शकतं, मग खाल्लेलं अन्न आणि पाणी नाकात जातं. तात्याचं अजून आरपार गेलं नव्हतं.

मग तीन पर्याय. पहिला, वरच्या सुळ्यांना उतार असलेली एक प्लेट चिकटवायची. तोंड मिटताना खालचा सुळा त्या उतारावरून घसरतो आणि काही आठवड्यांत बाहेर सरकतो. ऐकायला मला हा फार आवडला, इंजिनियरच्या डोक्याला पटणारा आहे. पण दात सरकायला जागा हवी, आणि तात्याचा अर्धा जबडाच आखूड असल्याने त्या सुळ्याला जायला ठिकाणच नव्हतं. दुसरा, सुळा काढून टाकायचा. पण खालच्या सुळ्याचं मूळ बाहेर दिसणाऱ्या दातापेक्षा मोठं असतं आणि जबड्याच्या पुढच्या भागाची बरीच जागा तेच व्यापतं. छोट्या कुत्र्यात ते काढलं की तिथलं हाड कमजोर होतं, जीभही त्या बाजूने बाहेर लोंबू शकते. तिसरा, सुळ्याची उंची कमी करायची. वरचा भाग कापायचा, आतली जिवंत नस औषधी सिमेंटने झाकायची आणि वरून भरायचं. दात जिवंत राहतो, मूळ जबड्याला धरून राहतं, टोक जातं. कोवळ्या दातात हे चांगलं जमतं. मात्र नस पुढे मेली तर कळत नाही, म्हणून ठरावीक काळाने भूल देऊन एक्स-रे काढावे लागतात. नुसता दात घासून बोथट करून का नाही चालत, हे मी विचारलं. नस उघडी पडते आणि जंतू आत जातात, म्हणून कुणी तसं करून देतो म्हणाला तर नको म्हणा.

आम्ही तिसरा निवडला. मग एस्टिमेटचा कागद आला.

आकडा सांगत नाही, चार आकडी होता आणि पहिला आकडा एक नव्हता. इन्शुरन्स आम्ही घेतला होता, पण पहिल्या तपासणीच्या नोंदीत "वाकडा जबडा" असं लिहिलेलं असल्याने ते आधीपासूनचं दुखणं ठरलं. (नवीन पिल्लू आणलं असेल तर इन्शुरन्स पहिल्या तपासणीच्या आधी बघा आणि दातांबद्दलचं कलम बारकाईने वाचा.) त्या डिसेंबरला आम्ही तिघं भारतात जाणार होतो, तीन वर्षांनी. तिकिटांसाठी बाजूला ठेवलेले पैसे होते. बायकोने आणि मी दोन रात्री हिशेब केले, आणि दोन्ही रात्री तो कॉफी टेबलाखाली एका गालात हसत झोपलेला.

आईला फोन करायचं काम माझ्याकडे आलं. मी बरीच प्रस्तावना केली, टाळू, नाक, भोक वगैरे. पलीकडे शांतता. मग म्हणाली, "म्हणजे कुत्र्याच्या दातासाठी तुम्ही येत नाही." मी हो म्हणालो. ती म्हणाली, "बरं," आणि फोन बाबांकडे दिला. तो आठवडा वाईट गेला. पुढच्या रविवारी तिचाच फोन आला. "तू आठवीत होतास तेव्हा तुझ्या दातांना तार लावायला बाबांनी पतपेढीतून कर्ज काढलं होतं, माहीत आहे का तुला? तुझे दात तर दुखतही नव्हते. नुसते पुढे होते." मला माहीत नव्हतं. "लहान आहे तोवर करून घ्या त्याचं," म्हणाली, "मे महिन्यात आम्हीच येतो."

ऑक्टोबरमध्ये काम झालं. सकाळी सोडला, संध्याकाळी आणला. आधी रक्ततपासणी, मग भूल, जबड्याच्या नसेला बधिर करायचं इंजेक्शन आणि संपूर्ण तोंडाचे एक्स-रे. या एक्स-रेंवर कंजूषी करू नका. बाहेरून मोजले तर तात्याचे दात ३९ भरत होते. तीन गायब. त्यातले दोन मुळात झालेच नव्हते, पण एक खालची पहिली उपदाढ हिरडीखाली गाडलेली निघाली. असा न उगवलेला दात शांत बसत नाही, त्याच्याभोवती पाण्याची गाठ होऊन ती आतून हाड खाऊ शकते, आणि आखूड तोंडाच्या कुत्र्यांत हे पुष्कळदा दिसतं. तेव्हा "दात कमी आहेत, चालायचंच" असं न म्हणता तो आहे कुठे हे शोधायचं. तात्याची ती उपदाढ त्याच भुलीत काढून टाकली.

दोन आठवडे मऊ खाणं आणि चेंडू बंद. तिसऱ्या आठवड्यात एक गोष्ट घडली, ती बायकोच्या आधी लक्षात आली. तात्या जांभई द्यायला लागला. मोठी, आवाज करत, शेवटी तोंड फटकन मिटणारी. आधी तो जांभई अर्धी सोडून द्यायचा. आम्हाला वाटायचं कुत्री अशीच जांभई देतात.

"खातोय म्हणजे ठीक आहे" हे आपलं घरोघरचं निदान इथे लागू पडत नाही. कुत्रं भूक मारत नाही, दुखणं लपवतं आणि खात राहतं. एका बाजूने चावणं, घास तोंडातून पडणं, कडक बिस्किट तोंडात धरून ठेवून देणं, पंज्याने तोंड चोळणं, तोंडाला वास, खेळण्यावर रक्त, एकाच नाकपुडीतून पाणी, डोक्याला हात लावू न देणं. यातलं काही दिसलं तर टॉर्च घ्या.

आता रोजचं. उथळ, पसरट ताटली तात्याला सोयीची पडते, खोल वाडग्यात त्याला दाणे उचलता येत नाहीत. कोरडं खाणं कोमट पाण्यात पाच मिनिटं भिजवतो. हनुवटी रोज पुसून कोरडी करतो, कारण लाळ एकाच बाजूने गळते आणि आपल्या दमट उन्हाळ्यात तिथे लगेच पुरळ येतं. दात गर्दीने उगवलेले असल्याने किटण लवकर साचतं, म्हणून ब्रश रोज. पेस्ट कुत्र्यांचीच घ्या. आपल्या पेस्टमध्ये फ्लोराइड असतं, काहींत झायलिटॉल असतं आणि ते कुत्र्याला विषारी आहे. (पर्समधली शुगर-फ्री च्युइंगम पण त्यातच आली!) दात साफ करणाऱ्या चघळण्या आणि पावडरींचा बाजार मोठा आहे. त्यात व्हेटर्नरी ओरल हेल्थ कौन्सिलचा शिक्का असलेल्याच घ्यायच्या, १९९७ पासून ही संस्था असा शिक्का देते. हाडं, हरणाची शिंगं, खुरं मात्र नकोत. नखाने दाबून ज्यावर खूण उठत नाही ते दाताला कडक, असं आम्हाला सांगितलं. टेनिसचे चेंडूही बंद, त्यांचं कापड सँडपेपरसारखं दात झिजवतं. आणि भूल न देता दात साफ करून देणाऱ्यांकडे जाऊ नका. दिसणारा भाग चकचकीत होतो, रोग हिरडीखाली तसाच राहतो.

ठरल्याप्रमाणे मे २०२४ मध्ये आई-बाबा आले. दातांचा पेशंट म्हटल्यावर आईने लगेच मऊ खाण्याचा ताबा घेतला. साधा भात, उकडलेलं चिकन, गाजर, इथपर्यंत ठीक. पण कांदा-लसणाची आमटी नको, आणि बेदाणे, मनुका, द्राक्षं तर अजिबात नकोत, त्याने मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. प्रसादाच्या शिऱ्यातला एखादा बेदाणासुद्धा नको. २०२१ मध्ये इथल्या प्राणी-विषबाधा तज्ज्ञांनी द्राक्षांमधलं टार्टारिक आम्ल हे कारण असावं असं मांडलं, आणि ते चिंचेतही भरपूर असतं. म्हणजे चिंचगुळाची आमटीसुद्धा यादीतून बाद. आई म्हणाली, "मग याने खायचं तरी काय मराठी माणसाच्या घरात?" शेवटी भाकरीच्या मऊ तुकड्यांवर तडजोड झाली. रात्री ब्रश करायचं काम मात्र बाबांनी घेतलं. तात्या माझ्या हातून करून घेताना अजूनही मान फिरवतो, बाबांपुढे गुपचूप तोंड उघडून बसायचा.

भारतात जाताना ज्या मित्रांकडे तात्याला ठेवतो त्यांच्यासाठी एक पान लिहून ठेवलं आहे: खाणं किती भिजवायचं, ब्रश कुठल्या बाजूने सुरू करायचा, टाळू कुठे बघायची. कुणाला हवं असेल तर पाठवतो. आणि ज्यांना पिल्लाचं तोंड बघायला भीती वाटते त्यांनी घेऊन या, मी धरतो, तुम्ही टॉर्च मारा. निदान डॉक्टरांनीच करायचं, पण बघायला दोघं लागतात.

तात्याचा पुढचा एक्स-रे ऑक्टोबरमधल्या शनिवारी ठरला आहे, नेमका दिवाळीच्या एकांकिकेच्या तालमीच्या दिवशी. मी उशिरा येईन, दिग्दर्शकांनी नोंद घ्यावी.